दोषाची चिठ्ठी

मानसिंगनं चौतीस वर्षं दुसऱ्यांनी विणलेल्या कापडातली खोट शोधली आन् त्याचाच पगार खाल्ला. टॉवेलच्या कारखान्यात चेकिंग खात्यात व्हता गडी. ट्यूबलाईटखाली टेबलावरनं कापड सरकायचं आन् ह्यो वर मान न करता उभा. धागा तुटला, थांब. गाठ आली, थांब. रंगाचा पट्टा पडला, थांब. खिशात कायम पितळी भिंग, तीन घड्यांचं, इंचात धागं किती ते मोजायचं. रिटायर झाला तवा सायबांनी शाल दिली, घड्याळ दिलं. ह्यानं म्हणलं, ते राहू द्या, माझं भिंग तेवढं मला द्या.

आता असली सवय रिटायर व्हती व्हय? मेथीची जुडी घेतली तरी भिंग, दुधाची पिशवी घेतली तरी भिंग. लग्नात नवरीकडची माणसं हसून बोलली की ह्याला संशय, ही का हसत्यात? भवानी पेठेतल्या बाया म्हणायच्या, तात्या देवळात गेले तरी आधी देवाच्या पितांबराला गाठ हाय का ते बघत्यात. बाया चेष्टा करायच्या, पण तात्या खरंच बघायचा.

अशा माणसाच्या घरी एका मंगळवारी सकाळी करमाळ्याहून त्याची थोरली बहीण आली. सारजाबाई. हा तिला आक्का म्हणायचा. आक्कानं चहा घेतला, पदराला तोंड पुसलं, आन् कनवटीची तंबाखूची चंची काढून टेबलावर ठेवली.

"आक्का, तू तंबाखू कवा धरलीस?"

"माझी न्हाय रं. मालकांची."

मालक म्हंजे रावसाहेब, मानसिंगचा दाजी. वर्षामागं गेला. वीस वर्षं बोअरच्या गाडीवर व्हता, तमिळ मंडळींच्या संगं. तिकडं दक्षिणेत गावोगाव जमिनीला भोकं पाडत फिरायचा आन् दिवाळीला घरी आला की गोष्टी सांगायचा. एकदा म्हणं बोअरला पाणी लागलं, तवर रानातनं हत्ती आला, दाजीला सोंडेनं हळूच बाजूला सारलं, पयलं पाणी पोटभर पिला आन् मग जाताना मान हलवून गेला. पोरं खिदळायची. मानसिंग खिदळायचा न्हाय. त्याला राग यायचा. त्याच्या हिशोबात दाजी म्हंजे पयल्या गजापासनं शेवटच्या गजापर्यंत खोटा माल.

आक्कानं चंची उलटी केली. एक निळा खडा पडला. हरभऱ्यापेक्षा थोडा मोठा, वरनं घुमटासारखा घासल्याला, बुडाला सपाट. रंग निळाच, पण मळकट. दुधात शाई पडल्यासारखा.

"अस्सल नीलम हाय म्हणायचे," आक्का म्हणली. "एका म्हाताऱ्याच्या शेतात सहाशे फुटावर पाणी लागलं, त्यानं खुशीनं दिला. त्याच्या वढ्याच्या वाळूत सापडायचं म्हणं. आन् म्हणायचे, सारजा, ह्याच्या पोटात चांदणी हाय. सहा पायाची."

"चांदणी," मानसिंग म्हणला.

"मी बघितली की रं. चुलीपाशी बघितली, ट्यूबखाली बघितली. चांदणी न्हाय आन् काय न्हाय. शेवटी आजारी पडले, उशापाशी ह्योच खडा. मला म्हणाले, जपून ठेव, चांदणी हाय. माझ्या तोंडातनं गेलं, मरताना तरी खरं बोला की हो." आक्कानं खडा बोटानं सरळ केला. "हसले. तिसऱ्या दिवशी गेले."

मानसिंगनं खडा उचलून तळहातावर घेतला.

"पुढच्या आठवड्यात वर्षश्राद्ध हाय. पोरं म्हणत्यात फेकून दे काच. मला इकायचा न्हाय, अंगठी करायची न्हाय. मला येवढंच सांग, ते खोटं बोलले का खरं. तुझी नजर तयार हाय. जे असंल ते सांग. माझ्याकडं बघून सांगू नको, खड्याकडं बघून सांग."

मग मानसिंगनं ट्यूबलाईट लावली, टेबलावर पांढरा टॉवेल पसरला, भिंग उघडलं आन् वाकला.

पयल्याच नजरेला दिसलं. खड्याच्या पोटात धागं! केसापरीस बारीक, सरळ, चकाकणारं. आन् एका बाजूनं न्हाय, तीन बाजूनं आल्यालं, एकमेकांवरनं गेल्यालं, जसं कुणी मागावर विणलंय. त्याच्याखाली रंगाचं पट्टं, एक गडद, एक फिका, एक गडद, आन् कोपऱ्यावर जाऊन वळल्यालं. बुडाला एक तिरकी चीर. कडेला तपकिरी डाग.

त्याच्या मनात आलं, देवाघरचा माल असा असतोय व्हय? ही माणसानं केल्याली चीज हाय, आन् ती बी नवख्या माणसानं. आमच्या खात्यात असा तुकडा आला असता तर मागावरच्याला हाक मारली असती.

तरी त्यानं खात्याची रीत मोडली न्हाय. त्यांच्यात एक नियम व्हता, चिठ्ठी लिहिल्याबिगर माल नाकारायचा न्हाय. कुठला दोष, कुटं, किती, ते लिहायचं, खाली सही. त्यानं जुन्या कॅलेंडरचं पान फाडलं, पाठीमागं खड्याचं चित्र काढलं, पेरूएवढं मोठं. त्यात धागं दाखवलं, तीन बाजूचं. पट्टं दाखवलं, कोपरे मोजून. चीर डाव्या अंगाला, डाग उजव्या. खाली लिहिलं, नापास. सही केली.

"आक्का, खोटा हाय."

आक्कानं खडा परत मागितला न्हाय. चंची झटकली, घडी घातली. "मग तुझ्यापाशीच ठेव. माझ्या म्होरं नको."

दुपारी ताट वाढलं तर म्हणली, मंगळवार हाय, उपास हाय. मानसिंगला चांगलं ठाऊक, आक्काचा उपास सोमवारचा असतोय. चौतीस वर्षं बारीक धागा शोधल्याला माणूस, बहिणीचं खोटं त्याला काय दिसणार न्हाय? दिसलं. आन् त्यानं बी ताट सरकवलं.

खात्यात आणखी एक रीत व्हती. मोठ्या मालावर दुसऱ्या चेकरची सही लागायची. मानसिंगनं खडा रुमालात बांधला, स्कूटर काढली आन् बाजारात दिग्विजयशेठच्या दुकानात गेला. राशीचं खडं इकायचं दुकान. भिंतीवर शनिमहाराज, त्याच्याखाली बोर्ड, लाल अक्षरात: *नीलम सर्वांना मानवत नाही. तीन दिवस दंडाला बांधून अनुभव घ्या. न मानवल्यास परत.*

वर छताला वीस-पंचवीस बल्ब, समदी काच लखलख करायची. मानसिंगला हे आवडलं न्हाय. येवढा उजेड कशाला लागतोय माणसाला?

शेठनं खडा घेतला. आपल्या भिंगातनं बघितला. मग अंगठा त्यावर ठेवला आन् अंगठा काय काढीना. म्हणला, "कुठून आणला हो?"

"मेल्याल्या माणसाच्या चंचीतनं."

"बसा की. चहा घ्या. ए, दोन चहा सांग रे."

चहा आला तसा मानसिंग सावध झाला. खोटा खडा आणल्याल्या गिऱ्हाइकाला चहा कोण पाजतंय?

"सदोष आहे," शेठ म्हणला. "आत जाळं आहे, चीर आहे. असला नीलम घरात ठेवू नये तात्या, शनी उलटतो. तुमच्या घरात काही झालंय का हल्ली?"

मानसिंगला आक्काचं उपाशी ताट आठवलं. त्यानं कप बाजूला सारला.

"एक करतो. जुन्या वस्तीतले माणूस तुम्ही. हा मला द्या, मी बघून घेतो त्याचं काय करायचं ते. आणि हा घ्या." शेठनं डबीतनं एक खडा काढला. निळाशार. पाण्यानं भरल्याल्या विहिरीत आभाळ पडावं तसा. "वर एक रुपया नको. तीन दिवस बांधा. नाही मानवला तर तुमचा तुम्हाला, माझा मला. नियम सगळ्यांना सारखा."

"फुकट का देताय?"

"शनीचं काम आहे. त्यात नफा बघत नाही मी."

ह्या बोलण्यावर मानसिंगचा काडीचा इश्वास न्हवता. पण इश्वास माणसावर ठेवायचा असतोय, मालावर न्हाय. माल बघायचा. त्यानं आपलं पितळी भिंग काढलं आन् त्या निळ्या खड्यात घातलं. वरनं बघितलं, खालनं बघितलं, बगलेनं बघितलं. एक धागा न्हाय. एक गाठ न्हाय. चीर न्हाय, डाग न्हाय, पट्टा न्हाय. चौतीस वर्षांत असा माल त्याच्या टेबलावर आला न्हवता.

मग त्याच्या मनात आलं, शेठ फसला. त्याला आपल्या मळक्या खड्यात काय तरी दिसलंय, चुकलाय बिचारा. आपण गप बसावं.

माणूस समद्या जगावर संशय घेतोय, पण आपल्या डोळ्यावर घेत न्हाय. मानसिंग खडा निळ्या फडक्यात दंडाला बांधून घरी आला.

"आक्का, हे बघ. दाजीचा दिला आन् खरा आणला. बेदाग."

आक्कानं हात लावला न्हाय. लांबनंच बघितलं. "ह्यो त्यांचा न्हाय."

"खरा हाय की पण!"

"मला खरा नको व्हता रं. त्यांचा खरा हाय का, ते पायजे व्हतं." आन् तोंड भिंतीकडं करून पडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सूनबाई आली. अंकिता. मानसिंगचा ल्योक पुण्याला नोकरीला, पण सून हितंच कॉलेजात भूगर्भाचं शिकवायची. पोरापोरींना घेऊन चार दिवस डोंगर बघायला गेली व्हती, पिशवीभर धोंडं घेऊन आली. मानसिंगला ह्या धोंड्यांचं कोडं कधी सुटलं न्हाय. शिकल्याली बाई, पगार चांगला, आन् घरात धोंडं आणती. तिच्या नवऱ्याला ह्यानं दोनदा विचारलं व्हतं, तपासून घेतलीस ना रं?

अंकितानं पाणी पिलं आन् टेबलावरची चिठ्ठी उचलली.

"मामा, हे कशाचं चित्र?"

"नापास खड्याचं. आत्याच्या मालकाचा. म्हणायचा, तिकडं दक्षिणेत वढ्याच्या वाळूत सापडला."

अंकिता वाचत गेली. एकदा वाचलं, दोनदा वाचलं. खुर्ची ओढून बसली. "हे धागे तीन दिशांनी, असेच होते? बरोबर असे? तुम्ही अंदाजानं नाही ना काढले?"

"अंदाजानं? मी? चिठ्ठीवर?"

"आणि पट्टे सरळ? असे कोपऱ्यावर मोडलेले?"

"पोरी, तुला काय म्हणायचंय ते म्हण. माझं डोस्कं तापवू नको."

"खडा कुठाय?"

मानसिंगनं दंडाचं फडकं सोडलं आन् शेठसंगं केल्याली अदलाबदल सांगितली. अंकितानं निळाशार खडा बघितला. वाटीत खोबरेल तेल घेतलं, त्यात बुडवला, वाटी पांढऱ्या कागदावर ठेवली, त्याचंच भिंग लावून बघितलं. मग सरकली. "तुम्हीच बघा. धागे शोधू नका. रेघा शोधा. गोल."

मानसिंग वाकला. आधी काय दिसंना. मग दिसलं. पुसट रेघा, एकीत एक, वळल्याल्या, जुन्या गाण्याच्या तबकडीवर असत्यात तशा. आन् एका कडेला दोन बुडबुडं. गोल, टपोरं.

"सोड्याच्या बाटलीसारखं," तो हळू म्हणला.

"कारखान्यातला आहे. पावडर करतात, आगीच्या ज्वाळेतनं खाली पाडतात, थेंबावर थेंब. काही तासांत खडा तयार. थेंबावर थेंब पडतो म्हणून रेघा गोल. तुमचा जो होता ना, मामा, त्याला काही तास लागले नव्हते."

"किती लागलं व्हतं?"

"कोटी वर्षांचा हिशोब आहे तो."

आक्का भिंतीकडं तोंड करून पडल्याली, ती उठून बसली.

अंकिता आता तिच्याकडं बघूनच सांगायला लागली. "आत्या, आपल्याकडचा काळा पाषाण आहे ना, विहिरीत लागतो तो, त्यात नीलम होत नाही. तो लाव्हा, वर आला आणि भरभर गार झाला. दक्षिणेतला दगड फार जुना. खोल जमिनीत, भट्टीसारखी धग, वरनं डोंगराचं ओझं, तिथं हा खडा वाढतो. आणि असतो कशाचा, सांगू? आपल्या पातेल्यात असतं ते ॲल्युमिनियम, आणि श्वासात असतो तो प्राणवायू. बस्स. निव्वळ असला तर पाण्यासारखा बिनरंगी. पण चिमूटभर लोखंड आणि टायटॅनियम मिसळलं की निळा. दुसरं काही मिसळलं असतं तर लाल झाला असता, माणिक. सख्खी भावंडं ती."

"मग धागं?" मानसिंगनं चिठ्ठी म्होरं ओढली.

"खडा हळूहळू गार होतो, तेव्हा आतलं टायटॅनियम वेगळं होऊन सुयांसारखं बसतं. खडा सहा बाजूंनी वाढतो म्हणून सुयाही तीनच दिशांनी बसतात, नेमक्या. पट्टे पण म्हणूनच कोपऱ्यावर वळतात. आम्ही त्या सुयांना रेशीम म्हणतो."

"रेशीम," मानसिंग म्हणला. रेशमाला नापास केल्याला चेकर.

"तुम्ही दोष म्हणून जे लिहिलं, ती त्याची जन्मपत्रिका आहे. मग डोंगर झिजतो, खडा ओढ्यात येतो. जड आणि इतका कठीण, की वाळूत घासून बाकीचं पीठ होतं, हा उरतो. ओढ्याच्या वाळूत सापडायचा म्हणाले ना फुवाजी? तिथंच सापडतो तो."

आक्कानं इचारलं, "आन् चांदणी?"

अंकितानं चिठ्ठीवरचं चित्र परत बघितलं. "रेशीम दाट असेल आणि खडा घुमटासारखा घासला असेल, तर दिसू शकते. पण एकच उजेड लागतो, लांबचा, एकटा. चुलीपाशी नाही दिसणार. ट्यूबखाली तर नाहीच. खडा हातात आल्याशिवाय मी हो म्हणणार नाही."

मानसिंगला तिचं हे शेवटचं वाक्य लई पटलं. माल बघितल्याबिगर सही करत न्हाय, पोरगी चांगली हाय. पयल्यांदा त्याला असं वाटलं.

"पण मामा, लवकर बघा. असले खडे मोठ्या भट्टीत तापवतात. रेशीम विरघळून जातं, रंग खुलतो, मग दाम चढतो. एकदा तापवला की झालं. परत रेशीम येत नाही. मी येऊ का? लॅबचं पत्र आणते."

"तू आलीस तर शेठ म्हणंल खडा कालच भट्टीला गेला. न्हाय. पत्र नको." मानसिंगनं कारखान्यातला खडा परत दंडाला बांधला. "त्याच्याच भिंतीवर लिवलंय की. उद्या तिसरा दिवस."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघाला तर आक्का चप्पल घालून दारात. "मी बी येणार." स्कूटरवर मागं बसली, चंची कनवटीला.

दुकानात एक गिऱ्हाईक बसलं व्हतं. दुधनीचे बसलिंगप्पा, तुरीचे अडते. कपाळावर भस्माचे पट्टे, म्होरं चहा. नवीन ट्रक घेतला व्हता, त्याला दोनदा अपघात झाला, कुणी तरी सांगितलं नीलम घाला. शेठ त्यांच्या म्होरं डबी उघडून बसला व्हता. मानसिंगला बघून म्हणला, "या तात्या! मानवला ना?"

आता मानसिंगनं आयुष्यात थाप मारली न्हवती. थाप मारणाऱ्याचा त्याला इटाळ. पण बाकड्यावर बसला, कपाळावरचा घाम पुसला, आन् त्याला एकदम दाजी आठवला. दाजी कसा आधी उसासा टाकायचा, मग बोलायचा. ह्यानं बी टाकला.

"काय सांगू शेठ. बांधला त्या दिवशी गिझर फुटला."

बसलिंगप्पांनी कप खाली ठेवला.

"दुसऱ्या दिवशी स्कूटर. उभी गाडी हो, कोण बसल्यालं न्हाय, आपली आपण पडली. मग गॅसची शेगडी. मग मांजर. मांजर रोजचंच हो, घरचं, ते माझ्याकडं बघून फिस्कारलं. आन् ही माझी आक्का, तवापासनं अन्नाला शिवली न्हाय."

आक्का बाकड्याच्या टोकाला बसल्याली, खाली बघत. तिचं तोंड बघून कुणाचा बी इश्वास बसला असता, कारण तेवढं एक खरं व्हतं.

"अय्यो," बसलिंगप्पा म्हणले. "शेठ, हे असा व्हतंय काय नीलमनी?"

"एखाद्याला मानवत नाही," शेठ घाईनं म्हणला. "म्हणून तर नियम आहे."

"तेच म्हणतो," मानसिंग म्हणला. दंडाचं फडकं सोडून खडा काचेवर ठेवला. "तुमचा तुमाला. माझा मला."

शेठ मानसिंगकडं बघत राहिला. मग बसलिंगप्पांकडं बघितलं. मग आत गेला आन् एक खडा घेऊन आला. निळा, मळकट, घुमटासारखा. "घ्या."

मानसिंगनं खिशातनं कॅलेंडरचं पान काढलं, काचेवर पसरलं, भिंग उघडलं.

"हे काय?"

"चिठ्ठी." एक एक करून बघत गेला. "धागं हायत. पण दोनच बाजूनं दिसत्यात. बुडाला चीर न्हाय. डाग न्हाय. ह्यो माझा न्हाय."

"तात्या, नजर कमी झाली तुमची."

"असंल. म्हणून तर लिवून ठेवलंय."

शेठ परत आत गेला. दुसरा आणला. मानसिंगनं उचलला बी न्हाय, बुड बघितलं आन् बोटानं परत सरकवला. "चीर उजवीकडं हाय. माझी डावीकडं."

"अहो, सगळे सारखेच असतात हे!"

"न्हाय. गिरणीतलं सारखं असतंय. हे न्हाय."

बसलिंगप्पांनी चष्मा लावला, पान आपल्याकडं ओढलं, चित्रावर बोट ठेवत वाचलं. मग डबीतल्या आपल्या खड्याकडं बघितलं, शेठकडं बघितलं. "सही कुणाचा हाय?"

"माझी. चौतीस वर्षं ह्या सहीवर गठ्ठंच्या गठ्ठं माघारी गेल्यात."

"मग द्या की हो त्यांचा त्यांना," बसलिंगप्पा म्हणले. "एवढा का उशीर? बोर्डवर तुमीच लिवलंय की."

शेठचा हात आत गेला न्हाय. त्याच्या शर्टाच्या खिशात गेला. पातळ कागदाची पुडी निघाली. काचेवर टाकली, ठेवली न्हाय, टाकली.

मानसिंग वाकला. धागं, तीन बाजूनं. पट्टं, कोपऱ्यावर वळल्यालं. चीर डावीकडं. तपकिरी डाग. एकेकावर पेन्सिलीनं टिक मारत गेला, जसा खात्यात मारायचा. मग त्यानं चांदणी शोधली. वरनं वीस-पंचवीस बल्बांचा उजेड पडत व्हता, आन् खडा दुधातल्या शाईसारखाच मळकट. चांदणी न्हाय.

पोरगी म्हणली व्हती, दिसू शकते. दिसतीच म्हणली न्हवती.

"चल आक्का," तो म्हणला.

बाहेर अकराचं ऊन. सोलापुरात दुसऱ्या कशाची टंचाई असंल, उन्हाची न्हाय. रस्ता पांढरा झाल्याला. मानसिंग पायरीवर थांबला, मूठ उघडली आन् दुकानाच्या सावलीतनं हात बाहेर काढला.

खड्यावर एक पांढरी रेघ उमटली. मग दुसरी, तिला छेदून. मग तिसरी. मधोमध गाठ, आन् गाठीतनं सहा पाय निघाल्यालं. त्याला वाटलं वर ओरखडा हाय. त्यानं हात कलता केला. चांदणी सरकली. परत सरळ केला. परत माथ्यावर आली. ओरखडा काय सरकत न्हाय.

धागं तीन बाजूचं, पाय सहा. ज्याला त्यानं नापास लिवलं व्हतं, तेच उजेडात उभं राहिलं व्हतं.

"आक्का," तो म्हणला. हात तिच्या म्होरं धरला.

आक्का वाकली. पदर डोक्यावरनं घसरला, सावरला न्हाय. रिक्षा हॉर्न मारून गेली. बसलिंगप्पा मागनं येऊन तिच्या खांद्यावरनं बघत व्हते, ते म्हणले, "बसवण्णा, बसवण्णा," आन् नीलम न घेताच चप्पल घालून आपल्या गाडीकडं गेले.

आक्का लई वेळ बघत राहिली. मग बोटानं खडा जरा ढकलला, चांदणी हलती का बघायला. हलली.

"मी म्हणलं व्हतं, मरताना तरी खरं बोला," ती म्हणली. "आन् ते हसले. मला वाटलं, पकडले गेले म्हणून हसले."

मानसिंगनं कॅलेंडरचं पान मुठीत धरलं व्हतं, ते चुरगळायला लागला. आक्कानं मनगट धरलं. "फाडू नको. त्या चिठ्ठीनंच वळखला की."

तिनं पान घेतलं, त्यात खडा गुंडाळला, चंचीत घातला, चंची कनवटीला. दोघं स्कूटरपाशी आली. मानसिंगनं किक मारली. आक्का मागं बसली, खांदा धरला. कोपरा वळला. मग त्याच्या कानापाशी वाकली.

"मानसिंगा, मला भूक लागली रं."

"भजी घेऊ वाटंत."

"घे." थोडं पुढं गेल्यावर परत वाकली. "मानसिंगा. मग ते हत्तीचं?"

मानसिंगच्या जिभेवर आलं, ते काय बी असतंय, हत्ती कवा बोअरचं पाणी पितोय व्हय. चौतीस वर्षांची सवय. त्यानं तोंड उघडलं, मग ब्रेक लावून एका म्हातारीला रस्ता दिला, मग परत गाडी सोडली.

"हत्तीला बी तहान लागतीच की, आक्का," तो म्हणला.